एकाच राउटरवर अनेक ग्राहक: व्हीलॅन, व्हीआरएफ की स्वतंत्र यंत्र?

दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावी इंटरनेट पुरवणाऱ्या स्थानिक व्यावसायिकाकडे एखाद्या पतसंस्थेच्या तीन शाखा, एक जिनिंग फॅक्टरी, दोन शाळा आणि शे-दोनशे घरे एकाच राउटरवर येतात. एका ग्राहकाचे जाळे दुसऱ्याला दिसू नये, यासाठी त्याच्यापुढे तीन पर्याय असतात.

प्रत्येकाला स्वतंत्र राउटर देणे हा सर्वांत निर्धोक पर्याय आहे. मात्र प्रत्येक यंत्राची वीज, इन्व्हर्टरवरील भार आणि पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीतील त्याची देखभाल, हे सर्व ग्राहकांच्या संख्येबरोबर वाढत जाते.

व्हीलॅन (एकाच केबलवर क्रमांक देऊन वेगळे ठेवलेले जाळे) स्वस्त आणि परिचित आहे. त्याचा क्रमांक १२ बिटांचा असल्याने ४०९४ व्हीलॅन करता येतात, म्हणजे संख्येची अडचण येत नाही. अडचण राउटरवर सुरू होते. सगळे व्हीलॅन एकाच राउटिंग टेबलात (कोणता पत्ता कोणत्या वाटेने गाठायचा याच्या यादीत) उतरले की राउटर त्यांच्यात वाहतूक करू लागतो, कारण तेच त्याचे काम आहे. ती थांबवण्यासाठी फायरवॉलचे नियम लिहावे लागतात आणि नवा ग्राहक जोडताना एक नियम राहून गेला, तर शाळेच्या संगणक कक्षातून पतसंस्थेच्या सर्व्हरपर्यंत वाट मोकळी होते, तीही कोणाच्या लक्षात न येता.

व्हीआरएफ ही एकाच राउटरचे आतून अनेक स्वतंत्र राउटर करण्याची सोय. तिच्यात प्रत्येक ग्राहकाचे राउटिंग टेबलच वेगळे असते. येथे विसरलेल्या सेटिंगमुळे जोडणी चालत नाही, ग्राहकाचा फोन येतो आणि चूक त्याच दिवशी सापडते. माझ्या मते निवड करताना हाच फरक सर्वांत निर्णायक मानावा. शिवाय पतसंस्था आणि जिनिंग या दोघांकडेही १९२.१६८.१.० हीच पत्तामालिका असली, तरी कोणालाही काट्याच्या किंवा काउंटरवरच्या संगणकाचे पत्ते बदलायला सांगावे लागत नाही. एकाच टेबलात हे साधत नाही.

व्हीआरएफच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तो माहिती कूटबद्ध करत नाही. प्रोसेसर आणि मेमरी सामायिकच राहतात, त्यामुळे एका ग्राहकाकडून वाहतुकीचा लोंढा आला तर इतरांनाही झळ बसते आणि यंत्र बंद पडले तर सगळेच बंद पडतात. बाहेरची इंटरनेट लाईन सर्वांना एकच असेल, तर परतणारे उत्तर नेमक्या टेबलात पोहोचावे यासाठी एनएटी (आतल्या खासगी पत्त्यांच्या जागी बाहेरचा सार्वजनिक पत्ता लावण्याची सोय) व्हीआरएफनुसार लावावे लागते. नवख्या माणसाचा सर्वाधिक वेळ येथेच जातो. एमपीएलएसविना (पॅकेटांना लेबल लावून ती पुढे नेण्याच्या पद्धतीविना) व्हीआरएफ वापरल्यास गावोगावच्या टॉवरांमधील प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक ग्राहकाची वेगळी सब-इंटरफेस (एकाच पोर्टचा आभासी भाग) करावी लागते, म्हणून चार-पाच टप्प्यांपुढे हे काम जिकिरीचे होते.

घरगुती ग्राहकांना पत्ते आपणच देतो आणि त्यांना फक्त इंटरनेट हवे असते. त्यांच्यासाठी व्हीलॅन आणि काळजीपूर्वक लिहिलेले नियम पुरेसे आहेत. पतसंस्था, जिनिंग आणि स्वतःचे अंतर्गत जाळे असलेल्या प्रत्येक संस्थेसाठी व्हीआरएफच निवडावा, आणि स्वतंत्र यंत्र ग्राहकाने लेखी अट घातली तरच द्यावे. व्हीआरएफसाठी महागडे यंत्र लागतेच असे नाही. मोफत मिळणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) ही सोय २०१५ पासून आहे.

चालू जाळ्यात हा बदल करताना मात्र राउटरजवळ प्रत्यक्ष हजर राहावे. सिस्को कंपनीच्या राउटरवरील आयओएस या प्रणालीत इंटरफेस (जोडणीचे पोर्ट) व्हीआरएफमध्ये टाकताच त्यावरील आयपी पत्ता निघून जातो आणि तो पुन्हा द्यावा लागतो. त्याच इंटरफेसवरून आपण दुरून आत शिरलेलो असू, तर संपर्क तुटतो आणि टॉवरपर्यंत जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही.