सात महिने त्सुशिमा बेटावर : ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ खेळून झाल्यावर

दिवाळीच्या सुट्टीत घेतलेला हा गेम मी गेल्या आठवड्यात एकदाचा संपवला. जमेल त्या रात्री जेवणं आटोपली की तासभर, शनिवारी जरा जास्त, असं करत नव्वदेक तास झाले. पहिल्या पंधरा दिवसांत कुणी विचारलं असतं तर मी नुसतं कौतुकच करत सुटले असते. आता कौतुक तर आहेच, पण तक्रारीही आहेत, आणि त्यातली एक तक्रार मला महत्त्वाची वाटते म्हणून हे सविस्तर लिहितेय. कथेतले काही महत्त्वाचे प्रसंग पुढे येतील. कोऱ्या मनाने खेळायचं असेल त्यांनी आधी खेळून घ्यावं.

सकर पंच या अमेरिकी स्टुडिओने हा गेम २०२० साली प्लेस्टेशनसाठी काढला. संगणकावर तो मे २०२४ मध्ये आला आणि मी तोच खेळले, प्लेस्टेशनचा कंट्रोलर जोडून. गोष्ट १२७४ सालची. जपान आणि कोरिया यांच्यामध्ये असलेल्या त्सुशिमा बेटावर मंगोलांचं आरमार येऊन धडकतं, कोमोदाच्या किनाऱ्यावर सामुराई कापले जातात आणि जिन साकाई हा तरुण सामुराई वाचतो. बेट सोडवायची जबाबदारी आपसूक त्याच्यावर येते.

आधी वाऱ्याबद्दल. ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकळ्या जगात मनासारखं भटकता येणारा गेम म्हटलं की कोपऱ्यात एक छोटा नकाशा असतो आणि आपण सगळा वेळ त्या नकाशाकडेच बघत घोडा हाकतो. इथे तो नकाशाच नाही. कंट्रोलरच्या टचपॅडवर (बोटाचा स्पर्श ओळखणाऱ्या पट्टीवर) बोट वर सरकवलं की वारा सुटतो आणि जिकडे जायचं तिकडे वाहतो. गवत झुकतं, पानं उडतात, त्या दिशेने घोडा वळवायचा, बस्स. दिवाळीनंतर आमच्याकडच्या माळावर कुसळी गवत कसं वाऱ्याबरोबर एका अंगाला कलतं, अगदी तसं पांढऱ्या तुऱ्यांचं रान इथे कलतं. डोळे आपोआप निसर्गाकडे लागतात. मध्येच एखादा सोनेरी पक्षी पुढ्यात घिरट्या घालतो, त्याच्या मागे गेलं तर गरम पाण्याचं कुंड नाहीतर एखादं देऊळ सापडतं. इतक्या साध्या युक्तीने भटकण्याची गोडी लावणारा दुसरा गेम मी तरी खेळलेले नाही.

हे बेट लोकांच्या मनात किती उतरलं याचा एक दाखलाच आहे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये खऱ्या त्सुशिमावरच्या वातात्सुमी देवळाची तोरी, म्हणजे देवळासमोरची कमान, वादळात कोसळली. ती पुन्हा उभारायला पन्नास लाख येन हवे होते. गेम खेळलेल्यांनीही हात सढळ सोडला आणि वर्गणी अडीच कोटी येनच्याही वर गेली.

तलवारबाजी हा दुसरा जमलेला भाग. शत्रूंच्या टोळीला उघड आव्हान द्यायचं, एक बटण दाबून धरायचं आणि समोरचा खराखुरा वार करेल त्या क्षणी सोडायचं. ते हुलकावण्या देतात. खांदा हलवतात, अर्धं पाऊल पुढे टाकतात. बटण लवकर सुटलं तर आपलाच जीव जाण्याची वेळ येते. मला पहिल्या महिन्यात दहातून चारदा जमायचं, आता नऊदा जमतं, तरी अंगठा अजून घामेजतो. पुढे चार पवित्रे शिकायला मिळतात. तलवारवाल्यासाठी वेगळा, ढालवाल्यासाठी वेगळा, भालेवाल्यासाठी वेगळा आणि दांडग्या मल्लांसाठी वेगळा. घाईत पवित्रा बदलायला चुकलं की मार बसतो, म्हणून हात सतत जागा राहतो.

आता मुख्य तक्रार. डिसेंबरात माझा भाचा राहायला आला होता, नववीतला. त्याला सुरुवातीचा किनाऱ्यावरचा प्रसंग दाखवला. मोजके सामुराई एका बाजूला, अफाट मंगोल फौज दुसऱ्या बाजूला. लॉर्ड आदाची एकटा घोड्यावरून पुढे जातो, आपलं नाव-घराणं सांगतो आणि तुमच्यातला सर्वांत शूर माणूस पाठवा म्हणतो. मंगोलांचा खान शांतपणे चालत येतो, हातातलं मद्य त्याच्या अंगावर फेकतो, पेटवतो आणि मुंडकं उडवतो.

भाचा ताडकन म्हणाला, “मावशी, हा एकटा कशाला गेला पुढे? मागे डोंगर आहेत ना, तिकडे ओढायचं त्यांना!”

नववीतल्या मुलाला जे क्षणात कळलं, ते पटवून घ्यायला जिनला अख्खा गेम लागतो. पहिल्यांदा मागून वार केला की आपल्याला त्याचं बालपण दाखवतात. मामा लॉर्ड शिमुरा शिकवतोय की शत्रूच्या डोळ्यांत बघून मारावं. पुढे प्रत्येक वळणावर मामा हेच बजावतो आणि आपण अपराधी वाटून घ्यावं अशी गेमची अपेक्षा असते. पण आपण वाढलो ते उंबरखिंडीच्या आणि लाल महालाच्या गोष्टी ऐकत. संख्येने बलाढ्य शत्रूला अडचणीच्या जागी गाठणं, रात्री छापा घालणं याला आपल्याकडे गनिमी कावा म्हणतात आणि ते अभिमानाने सांगतात. त्यामुळे माझ्यापुरता तरी हा पेच उभाच राहिला नाही. आणि इतिहासही जिनच्या मामाच्या बाजूने नाही. मंगोल १२८१ मध्ये पुन्हा चालून आले तेव्हा खऱ्या सामुराईंनी लहान होड्यांतून रात्री त्यांच्या जहाजांवर छापे घातले होते. सामुराईंच्या नीतीची जी कडक संहिता गेम दाखवतो, ती त्या रूपात पुष्कळ नंतर, शांततेच्या शतकांत घडली.

एवढंही मी मान्य केलं असतं, काल्पनिक कथा आहे म्हणून सोडून दिलं असतं, पण मग निवड तरी खेळणाऱ्याच्या हातात हवी होती. तुम्ही जन्मभर समोरासमोर लढा किंवा धूर, सुरे आणि बॉम्ब वापरून लढा, कथा तीच घडते. किल्ला घेताना जिन मंगोलांच्या पेयात विष कालवतो. ते मी ठरवलेलं नव्हतं. मी तोवर मुद्दाम उघड लढत आले होते! त्यानंतर मंगोल तेच विष बनवायला शिकतात आणि गावकऱ्यांवर वापरतात. हा एकच धागा खरा अस्वस्थ करणारा होता. आपण काढलेलं हत्यार उद्या आपल्याच माणसांवर उलटेल का, हा प्रश्न मामाच्या सगळ्या प्रवचनांपेक्षा भारी आहे. तो खूप उशिरा येतो आणि पटकन मागे पडतो. कथेतली खरी निवड म्हणावी अशी एकच, अगदी शेवटी, मामासमोर. ती मात्र मला जड गेली. कंट्रोलर हातात धरून बराच वेळ नुसती बसून होते.

बाकीच्या उणिवा नेहमीच्याच. उपकथांचा साचा तिसऱ्या महिन्यात पाठ होतो : रडणारा गावकरी, मातीतले ठसे, ठशांमागे चालत जाणं, मग दरोडेखोर किंवा प्रेत. कोल्ह्यामागे धावत देवळी शोधायची गंमत पहिल्या दहा वेळा असते, अशा देवळ्या मुख्य बेटावर ४९ आहेत. लपून लढताना पहारेकरी फारच भोळे वागतात. शेजारचा मेलेला दिसला तरी थोडं शोधून पुन्हा जागेवर. दाट झाडीत किंवा खोलीत लढताना कॅमेरा आडवा येतो. सेटिंगमध्ये शत्रूवर नजर बांधून ठेवायचा पर्याय आहे, तो सुरू करा, बराच फरक पडतो.

लेडी मासाकोची उपकथा मात्र चुकवू नका. घरातलं सगळं माणूस गेलेली ही वयस्क बाई सूडाने आंधळी होत जाते आणि तिच्याबरोबर चालताना आपली तिच्यावरची माया आणि भीती दोन्ही वाढतात. नऊ भागांची आहे, सलग न संपवता मध्ये दिवस जाऊ द्यावेत.

नव्याने घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. आवाज जपानी ठेवा. दहा-पंधरा तास हात बसला की काठिण्य ‘लीथल’वर न्या. त्यात शत्रू एक-दोन वारांत मारतो आणि आपणही त्याला तसंच मारतो, त्यामुळे तलवार खरी वाटते. एका भागातले मंगोलांचे सगळे तळ एकदम साफ करू नका, नाहीतर तिथलं बेट सुनं होतं. डायरेक्टर्स कट, म्हणजे गेमची वाढीव आवृत्ती घेतलीत तर इकी बेट त्यातच मिळतं. तिथे जिनच्या वडिलांची जुनी, नको असलेली बाजू उघडते. मी ते निम्मं खेळून ठेवलंय. मे महिन्यात भाचा येतोय, उरलेलं त्याच्याबरोबर.