ऑलिम्पस म्यू-टू: लेन्स गुणी, स्वभाव हट्टी

हा कॅमेरा वापरणाऱ्यांचे सरळ दोन तट आहेत. एक तट त्याला डोक्यावर घेऊन नाचतो: खिशात मावतो, लेन्स अप्रतिम, आणखी काय पाहिजे? दुसरा तट नाक मुरडतो: प्लॅस्टिकची डबी ती, लोकांनी उगाच तिचा भाव आभाळाला टेकवून ठेवलाय. मी हा कॅमेरा बरीच वर्षं वापरते आणि मला दोघांचंही पटतं. पहिले फोटो बघून बोलतात, दुसरे किंमत बघून.

ज्यांनी तो हातात घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑलिम्पसने १९९७ मध्ये काढलेला हा ३५ मिमी फिल्मचा छोटा ऑटोफोकस कॅमेरा. अमेरिकेत तो ‘स्टायलस एपिक’ या नावाने विकला गेला, आत यंत्र तेच. सेल सोडून वजन १३५ ग्रॅम. झूम नाही, ३५ मिमीची एकच लेन्स, एफ २.८ (हा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त). पुढचं सरकतं झाकण उघडलं की लेन्स जराशी बाहेर येते आणि कॅमेरा तयार, झाकण लोटलं की बंद. हे झाकण म्हणजे ऑलिम्पसचं जुनं डोकं. ऑलिम्पसचे कॅमेरे घडवणारे योशिहिसा मैतानी यांच्या १९७९ च्या एक्सए कॅमेऱ्यातून ते आलं, १९९१ च्या पहिल्या म्यूमध्ये गोलसर झालं आणि इथे येऊन अगदी साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत झालं. पहिल्या म्यूची लेन्स एफ ३.५ ची होती. कागदावर फरक किरकोळ वाटतो, पण संध्याकाळच्या खोलीत तोच फरक फोटो येणं आणि हलणं यांच्यामध्ये उभा असतो.

आता लेन्स. चार काचांची साधी रचना आहे, पण काम बघून तसं वाटत नाही. माझ्याकडे आत्याचा एक फोटो आहे. ती खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठ आवळलेले. हा कॅमेरा ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊ देतो, म्हणजे हात लांब केला तर बोटं चेहऱ्याला लागतील इतकं. फ्लॅश बंद केला, सुई धरलेल्या चिमटीवर फोकस धरला आणि बटण दाबलं. निगेटिव्ह स्कॅन होऊन आली तेव्हा दोऱ्याच्या टोकाचे सुटलेले दोन तंतू वेगवेगळे मोजता येत होते. नखावरची आडवी रेघ दिसत होती. तिथून चारपाच बोटं मागे असलेला चष्मा मात्र पार विरघळलेला. पूर्ण उघड्या लेन्सने इतक्या जवळून काढलं की असंच होणार, आणि मला तेच हवं होतं. कोपरे जरा काळवंडले आहेत. भरपूर उन्हात लेन्सचं तोंड बारीक झालं की तेही जातं.

जवळून काढताना एक मात्र सांभाळा. डोळा लावायची खिडकी आणि लेन्स वेगळ्या जागी असल्यामुळे दिसतं एक आणि फिल्मवर उतरतं थोडं सरकलेलं. खिडकीत त्यासाठी खुणा आहेत. त्या पाहिल्या नाहीत तर माणसाच्या डोक्याचा वरचा भाग कापला जातो.

लेन्सपाशीच थांबलं असतं तर मीही पहिल्या तटातच बसले असते. पण या कॅमेऱ्याला स्वतःची मतं आहेत, आणि त्यातलं सगळ्यात ठाम मत फ्लॅशबद्दल. झाकण उघडलं की फ्लॅश कायम ‘ऑटो’वर. उजेड जरा कमी वाटला किंवा समोरच्याच्या मागे जास्त उजेड दिसला की तो स्वतःहून उडतो. बंद करायचा तर बटण दोनदा दाबायचं. ठीक आहे, दाबू. पण झाकण लावलं की तो ते विसरतो. परत उघडा, परत दोनदा दाबा. लहान मूल झोपलंय, देवळाच्या गाभाऱ्यात मंद उजेड आहे, कुणीतरी मंचावर गातंय, अशा जागी एकदा विसरलात तर फोटो गेलाच, वर सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळणार. म्यू-टूचे मालक एकमेकांत बोलतात त्यातलं निम्मं बोलणं या एका तक्रारीवर असतं, आणि ते रास्तच आहे. शेवटची निवड लक्षात ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

यावर माझा तोडगा एवढाच की ‘झाकण, टिक, टिक’ ही एकच हालचाल करून टाकायची. आता उजव्या अंगठ्याला ती न सांगता जमते. बटणं इतकी बारीक आहेत की नख वाढलेलं असेल तर सोयीचं. हातमोजे घालून जमत नाही.

फ्लॅशलाच शिव्या घालाव्यात असंही नाही. भर उन्हात कुणी टोपी घालून उभं असेल तर चेहऱ्यावरची सावली हटवायला हाच फ्लॅश जबरदस्तीने लावता येतो, आणि तिथे तो फार नेमका उजेड टाकतो. रात्रीसाठी वेगळी सेटिंग आहे, तिच्यात फ्लॅश पडतोच आणि शटरही जास्त वेळ उघडं राहतं, म्हणजे माणसाबरोबर मागचे दिवेही येतात. हात मात्र भिंतीला किंवा खांबाला टेकवा. शटर सगळ्यात सावकाश ४ सेकंदांचं आहे आणि सगळ्यात जलद १/१००० सेकंदाचं. ट्रायपॉडचं भोक खाली आहे, पण हा कॅमेरा घेऊन निघणारा माणूस ट्रायपॉड कशाला उचलेल?

दुसरी गोष्ट फोकसची. कॅमेरा समोर अवरक्त किरण सोडतो आणि परत आलेल्या किरणावरून अंतर ठरवतो. म्हणून मिट्ट काळोखातही फोकस होतो, जिथे भले भले कॅमेरे चाचपडत राहतात. पण याच कारणाने गाडीच्या बंद काचेतून फोटो काढायला गेलात तर किरण काचेवरूनच फिरण्याची भीती असते, आणि मग डोंगर धूसर, काचेवरचे ओघळ स्पष्ट. काच खाली करा, नाहीतर फोटो सोडून द्या. दोन माणसं शेजारी उभी असतील तर मधल्या फटीतून तो मागची भिंत पकडू शकतो. इलाज सोपा आहे: एकावर रोखून बटण अर्धं दाबा, हिरवा दिवा लागू द्या, मग तसंच दाबून ठेवून कॅमेरा हवा तिकडे वळवा. हे ज्याला अंगवळणी पडलं त्याचे फोटो चांगले येतात. बाकीचे कॅमेऱ्याला दोष देत बसतात.

तिसरी गोष्ट खूप जणांना ठाऊकच नसते. फ्लॅशचं आणि सेल्फ-टायमरचं बटण एकदम दाबलं की ‘स्पॉट’ लागतं. मग उजेड मोजताना कॅमेरा सगळी चौकट न बघता फक्त मधला भाग बघतो. दारात कुणी उभं आहे, मागे लख्ख ऊन, आणि तुम्हाला फ्लॅश नकोय, तर चेहऱ्यावर रोखून स्पॉट लावा. चेहरा येतो, मागचं पांढरं होतं. या डबीत तुमच्या हाताला लागेल असा उजेडाचा ताबा एवढाच. एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, कमी-जास्त करायची सोय नाही, अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडायचं, तुम्ही ठरवू शकत नाही, फिल्मची गती, म्हणजे तिला उजेड किती कमी पुरतो तो आयएसओ आकडा, तोही हाताने लावता येत नाही. रोलच्या डबीवरचे गती सांगणारे डीएक्सचे चंदेरी-काळे चौकोन वाचून कॅमेरा ५० ते ३२०० आयएसओ आपलं आपणच धरतो. डबीवर चौकोन नसतील तर १०० धरतो. मोठ्या रीळातून स्वतः फिल्म कापून भरणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं, नाहीतर ४०० ची फिल्म १०० समजून तिच्यावर जास्तीचा उजेड पाडला जाईल. निगेटिव्ह रंगीत असली तर ती एवढं सहन करते, स्लाइड फिल्म नाही करत.

फिल्म कोणती, हे मला नेहमी विचारतात. माझं सरळ उत्तर: ४०० ची. कोडॅक अल्ट्रामॅक्स ४०० किंवा कृष्णधवल हवं असेल तर इल्फर्ड एचपी५ प्लस. २०० ची गोल्ड उन्हात सुंदर दिसते, पण ढग आले की फ्लॅशची खुमखुमी वाढते. ४०० ने कॅमेऱ्याचा हट्ट थोडा नरम पडतो.

रोल भरणं पोरखेळ आहे. फिल्मचं टोक खुणेपर्यंत ओढायचं, दार लावायचं, बाकी तो बघतो. रोल संपला की स्वतःच उलटा गुंडाळतो, आणि तेव्हा जो घरघर आवाज होतो तो शांत जागी जरा लाजवतो. अर्ध्यात काढायचा तर तळाशी एक बारीक बटण आहे, पेनाच्या टोकाने दाबावं लागतं. टोक मात्र पूर्ण आत जातं, तेव्हा तोच रोल पुन्हा भरायचा विचार असेल तर टोक बाहेर काढायची पट्टी जवळ ठेवा.

चष्मेवाल्यांनो, डोळा लावायची खिडकी अगदी चिमुकली आहे. मी चष्मा लावूनच काढते आणि कडा मला एकदम सगळ्या दिसत नाहीत, अंदाजाने काढते. शटरचं बटण पूर्ण दाबल्यावर कॅमेरा पळभर थांबतो, तेव्हा धावणारं मूल टिपायचं तर त्याच्या पुढच्या पावलाचा विचार आधी करायला हवा. भाचा झोक्यावर होता तेव्हा मी झोका वर जाऊन थबकतो तो क्षण धरून बटण दाबत गेले, तेच जमलं. पावसाच्या शिंतोड्यांना हा कॅमेरा घाबरत नाही, सांध्यांना तशी रबरं आहेत. पण ती रबरंही आता पंचवीस वर्षांहून जुनी. नवीन असताना जे खरं होतं ते आता खरं धरून चालू नका.

आणि इथे दुसऱ्या तटाचं म्हणणं ऐकावं लागतं. हा कॅमेरा नखशिखांत इलेक्ट्रॉनिक आहे. सीआर१२३ए जातीचा एक सेल संपला की शटरसुद्धा हलत नाही. सर्किट गेलं तर नवं सर्किट बनत नाही. दुसऱ्या मेलेल्या म्यू-टूतून अवयव काढून बसवणारा कारागीर भेटला तर नशीब. मागच्या दारावर रोलचं नाव दिसायला एक छोटी खिडकी असते, तिच्याभोवतीचा फोम वर्षांनी चुरा होतो आणि मग दर फोटोत एकाच जागी नारिंगी पट्टा येऊ लागतो. तात्पुरता इलाज म्हणजे काळी चिकटपट्टी. लेन्समध्ये बुरशी शिरली तर ते काम मात्र चिकटपट्टीने भागत नाही.

म्हणून माझं मत असं: म्यू-टूसाठी एवढेच पैसे मोजा जेवढे उद्या पाण्यात गेले तरी तुम्हाला झोप लागेल. तो नातवंडांना द्यायचा कॅमेरा नाही. ज्यांना तसं काही हवंय त्यांनी स्प्रिंगा-चाकांवर चालणारा जुना कॅमेरा शोधावा, तो दुरुस्त होतो. खिशातलाच पण वॉरंटीवाला नवा हवा असेल तर २०२४ मध्ये आलेला पेंटॅक्स १७ आहे. तो अर्ध्या चौकटीचा, म्हणजे एका फोटोच्या जागेत दोन काढतो, ३६ च्या रोलवर ७२ फोटो देतो, फिल्म हाताने पुढे सरकवावी लागते आणि अंतर चित्रांच्या खुणांवरून आपण लावायचं. बेफिकीरपणे खिशातून काढून टिपायचं सुख त्यात कमी, पण तो काय करणार आहे हे तुम्हाला आधी माहीत असतं. खिशातलाच पण महागडा जुना कॅमेरा म्हणून कॉन्टॅक्स टी२ चं नाव कुणी काढलं तर ऐकून घ्या आणि पुढे चला. तिथेही सर्किटांचं दुखणं आहेच, किंमत मात्र कितीतरी वर.

घ्यायचाच असेल तर हे बघा. नावात नुसतं ‘म्यू’ पाहून भुलू नका. त्याच साच्यातले झूमवाले म्यू ढिगाने फिरतात, त्यांच्या लेन्सना उजेड बराच जास्त लागतो. लेन्सच्या कड्यावर ३५ मिमी आणि २.८ हे दोन्ही वाचल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नका. झाकण चारपाच वेळा सरकवा, दर वेळी लेन्स न अडखळता बाहेर यायला हवी. अर्धं बटण दाबून हिरवा दिवा बघा. टॉर्च तिरका धरून लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय का बघा. मग एक टाकाऊ रोल आत घालून शेवटपर्यंत चालवून, उलटा गुंडाळला जातो का ते ऐका. विकणारा म्हणेल, “चालतो हो, फक्त सेल नाहीये आत्ता.” सेल तुमच्या खिशात असू द्या.