'ओरिजिनल इटालियन' लॅम्ब्रेटा: रंगाखाली काय काय निघालं

'फुल रिस्टोर्ड. ओरिजिनल इटालियन. १९६० मॉडेल. पेपर क्लिअर. फर्स्ट किक.' जाहिरातीत एवढे पाच दावे होते. त्यातला शेवटचा एकच खरा निघाला, तोही इंजिन गरम असेपर्यंत. लॅम्ब्रेटा ली १५० स्कूटर, सिरीज टू, दोन रंगांत, नवी सीट, स्टेपनीला पांढऱ्या पट्ट्याचा टायर. व्यवहार एक लाख पंचेचाळीस हजारांना ठरला. वीस हजार ॲडव्हान्स दिले आणि बाकीचे गाडी टेम्पोत चढताना. चार दिवसांत दुसरा गिअर निसटायला लागला म्हणून इंजिन उतरवलं, आणि मग एकेक करत सगळीच गाडी सुटी केली. विकणाऱ्याचं नाव इथे नाही, कारण तक्रार दिलेली आहे. गाडीत काय निघालं आणि ते पैसे देण्याआधी कसं ओळखता आलं असतं, तेवढंच लिहितो.

आधी 'इटालियन'चं. इनोसेंटी कंपनीने मिलानच्या लांब्राते भागात १९४७ पासून लॅम्ब्रेटा बनवली आणि १९७१ च्या सुमारास थांबवली. त्यानंतर यंत्रसामग्री लखनौच्या स्कूटर्स इंडियाने विकत घेतली. पण आपल्याकडे मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाची, म्हणजे एपीआयची लॅम्ब्रेटा त्याच्या कितीतरी आधीपासून परवान्यावर बनत होती. खरी गोम इथेच आहे. इटलीत सिरीज टू १९५९ ते १९६१ एवढीच चालली, मग सडपातळ सिरीज थ्री आली. एपीआयने मात्र तीच गुबगुबीत सिरीज टूची बॉडी पुढे कित्येक वर्षं चालू ठेवली, 'लॅम्बी' नाव आल्यावरसुद्धा. त्यामुळे नुसता आकार बघून 'साठचं मॉडेल' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. शील्डवरचा, म्हणजे पायांपुढच्या पत्र्यावरचा, इनोसेंटीचा बॅज तर नवाकोरा बनवून मिळतो, त्याला काहीच किंमत नाही.

बघायचं ते कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग. इंजिन केस, चेनकेसचं साइड कव्हर, मॅग्नेटची बाजू, चाकाचे हब, हँडलचा वरचा भाग, सगळीकडे बोट फिरवा आणि टॉर्च मारा. या गाडीच्या केसवर इनोसेंटीचं चिन्ह कुठेच नव्हतं, साइड कव्हरवर एसआयएल होतं, म्हणजे लखनौच्या स्कूटर्स इंडियाचं. इटालियन म्हणावा असा एकही भाग सापडला नाही. देशी लॅम्ब्रेटा वाईट नसते, उलट स्पेअर मिळायला तीच बरी. फक्त तिला इटालियनचा भाव द्यायचा नाही.

आता फ्रेम. व्हेस्पासारखी ही पत्र्याची पेटी नव्हे. लॅम्ब्रेटाला एक जाड नळी आणि तिला जोडलेले पाय असतात, शील्ड आणि फूटबोर्ड वरून बोल्टने बसतात. म्हणून शील्डवर थोडी लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली असली तरी बिघडत नाही, नळीवर लांबी असेल तर बिघडतं. पातळ कापडात लहान चुंबक गुंडाळा आणि हँडलच्या मानेखालून मागे नळीच्या पोटावरून ओढत न्या. गाडी समोरून आदळलेली असेल तर नळी मानेच्या थोडी खाली दुमडते आणि पुढचं चाक मागे सरकतं. दुमडीची सुरकुती लांबीने बुजवून वर रंग मारला की डोळ्याला काही दिसत नाही. या फ्रेमवर त्याच जागी चार बोटं रुंदीच्या पट्ट्यात चुंबक धरतच नव्हता. रंग खरवडला तेव्हा लांबी नखाएवढी जाड निघाली आणि खाली आडवी घडी.

दुसरी जागा मेन स्टँडच्या ब्रॅकेटची. तिथे पाणी साचतं आणि नळी आतून खात जाते. दहा-अकराच्या छोट्या पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकत जा. चांगली नळी 'टण्ण' वाजते, बुजवलेली 'ठक' करते. इथे भोकावर पत्र्याचा तुकडा, त्यावर एम-सील, त्यावर काळा रंग. वेल्डिंगचा एक टाकासुद्धा नाही! अशी गाडी स्टँडवर लावायला लागलो की कधीतरी स्टँड ब्रॅकेटसकट हातात येणार.

जास्त वेळ मात्र द्या तो नंबराला. फ्रेमचा नंबर उजव्या पॅनलखाली असतो. ट्रान्सफरच्या फॉर्मवर चासी नंबरची पेन्सिल प्रिंट लागते हे सगळ्यांना माहीत आहे, पण ती बहुतेक वेळा एजंट काढतो आणि फाइलला लावून देतो. ती प्रिंट स्वतः काढायची. पातळ कागद नंबरावर सेलोटेपने ताणून बसवा, पेन्सिल आडवी धरून एकाच दिशेने घासा, आणि मग फाइलमधल्या प्रिंटशी शेजारी ठेवून ताडा. आकडे जुळतात का एवढंच बघू नका, त्यांचा आकार बघा. इथे फाइलमधल्या प्रिंटवर चारचा आकडा वरून उघडा होता आणि फ्रेमवरचा चार वरून मिटलेला. आकडे तेच, ठसा वेगळा. म्हणजे फाइलमधली प्रिंट दुसऱ्याच फ्रेमची. शिवाय आपल्या प्रिंटमध्ये शेवटचे दोन आकडे बाकीच्यांपेक्षा खोल उमटले होते आणि रेषेच्या किंचित खाली उतरले होते. नंबर जुना असो की नवा, ठशाची खोली साधारण सारखी असते. हातोडीने एकेक आकडा ठोकला की ती हलते.

त्यानंतर नंबराभोवतीचा रंग पेंट रिमूव्हरने सोडवला. घासायचं नाही, ब्रशने लावून थांबायचं. रंग फुगून निघाला आणि नंबराभोवती चौकोनी वेल्डिंगची बारीक शिवण दिसली. दुसऱ्या फ्रेमचा नंबराचा तुकडा कापून इथे बसवला होता. हे गाडी घेण्याआधी करता येत नाही, कोणी रंग सोडवू देणार नाही. पण पेन्सिल प्रिंट काढू द्यायला प्रामाणिक माणूस कधी नाही म्हणत नाही. 'कशाला त्रास घेताय साहेब, एजंट करेल' असं ऐकू आलं की ॲडव्हान्स खिशातच ठेवा.

इंजिनाची गोष्ट त्यामानाने जुनीच आहे, पण एकदा सविस्तर सांगतो.

गाडी बघायला पोचलो की किक मारण्याआधी हेडवरच्या पत्र्यावर हात ठेवा. कोमट असेल तर गाडी तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवलेली आहे. कॉम्प्रेशन कमी असलेलं इंजिन गरम असताना एका किकला उठतं, थंड असताना घाम काढतं. उलट कॉइल किंवा कंडेन्सर मरत आलेला असेल तर थंड इंजिन चालू होतं आणि गरम झाल्यावर बंद पडतं. त्यामुळे दोन्ही बघायचं: थंड चालू करणं, पंधरा मिनिटं चालवणं, बंद करून पाच मिनिटं थांबणं, पुन्हा चालू करणं. इथे 'सिलिंडर स्टँडर्ड आहे' असं सांगितलं होतं. ली १५० चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५७ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५८ मिलिमीटर, त्यातून १४८ सीसी येतात. झिजलेला सिलिंडर कापून मोठा करणं, म्हणजे रिबोअर, ०.२ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी होतो. हेडचे चार नट काढले तर पिस्टनच्या डोक्यावर ५८.० कोरलेलं होतं, म्हणजे पाच पायऱ्या आधीच खर्च झालेल्या. त्यातही सिलिंडर परत घासून पिस्टनला ढिला झालेला होता. पत्रा आणि हेड काढायला अर्धा तास लागतो. एवढ्या किमतीच्या गाडीसाठी तेवढी मागणी रास्त आहे.

जाता जाता, हीच मंडळी '२०० सीसी केलेली' लॅम्ब्रेटाही विकतात. २०० चा बोअर ६६ आहे आणि त्याचा सिलिंडर मोठ्या तोंडाच्या केसवर बसतो. १५० ची केस लहान तोंडाची, त्यामुळे मशीनिंग केल्याशिवाय तो सिलिंडर तिच्यावर बसतच नाही. बॅजवर २०० आणि आत ५७ किंवा ५८, हा प्रकार व्हर्निअर लावला की दोन मिनिटांत उघडा पडतो. आणि खरोखर २०० बसवलेली असेल तर आरसीवर काय लिहिलंय ते विचारा. इंजिन बदलल्याची आरटीओकडे नोंद नसेल तर पासिंगला आणि विम्याला तुम्हीच अडकणार.

गिअर निसटत होता त्याचं कारण गिअरबॉक्सच्या शिममध्ये, म्हणजे फट भरणाऱ्या पातळ चकतीत होतं. लॅम्ब्रेटात पहिल्या गिअरच्या वर शिम असते. एंडप्लेट (गिअरबॉक्सचं झाकण) आवळून फीलर गेजने मोजलं तर गिअर आणि शिममध्ये ०.०७ ते ०.३० मिलिमीटर फट हवी. इथे अर्ध्या मिलिमीटरच्या वर होती. फट वाढली की गिअर मागे-पुढे सरकतात, डॉग (सरकून गिअर पकडणारा तुकडा) अर्धवट अडकतो, त्याची टोकं गोल होतात आणि मग नवी शिम घातली तरी गिअर राहत नाही, डॉगही बदलावा लागतो. केबल कितीही ताणली तरी हा रोग जात नाही. 'केबल ॲडजस्ट केली की होईल' हे वाक्य इथेही ऐकायला मिळालं होतं.

मग गिअरची खरखर खरेदीच्या दिवशी ऐकू आली कशी नाही? ऑइल काढलं तेव्हा कळलं. या इंजिनात ७०० मिली एसएई ९० ऑइल पडतं. ड्रेन प्लगमधून निघालं ते ऑइल नव्हतं, ऑइलमध्ये कालवलेलं ग्रीस होतं, पिठल्यासारखं. घट्ट माल घातला की गिअर आणि चेनची खरखर दबते. पण लॅम्ब्रेटात चेन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलमध्ये असतात, म्हणून ग्रीसने क्लच प्लेटा चिकटतात आणि थंड गाडीला पहिला गिअर टाकताच ती पुढे उडी मारते. ती उडी लक्षण म्हणून धरा. ड्रेन प्लग अर्धा फेरा ढिला करून चमचाभर ऑइल पांढऱ्या कागदावर घ्या. ते पातळ आणि एकसारखं पसरलं पाहिजे. कागद उन्हात तिरका धरा, पितळेचा सोनेरी चुरा दिसला तर तेवढ्यावरच परत फिरा.

सगळ्यात धोकादायक निघालं मागचं चाक. मागचा हब लेशाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्याच्या, दातांवर आणि निमुळत्या कोनावर बसतो आणि एका मोठ्या नटने दाबून धरलेला असतो. त्या नटला लॉक पत्री लागते आणि तो लांब दांड्याच्या पान्यानेच आवळावा लागतो. छिन्नी-हातोडीने आवळला की पुरेसा बसत नाही, हब रोज केसभर हलतो आणि दात झिजतात. या नटाच्या सहाही कडांवर छिन्नीचे घाव होते, लॉक पत्री नव्हती. हब ओढून काढला तर आतून पत्र्याची पट्टी गळून पडली. कसल्यातरी डब्यातून कापून, दातांभोवती गुंडाळून, ढिलेपणा भरून काढलेला! हे चाक एक दिवस चालत्या गाडीत नुसतंच फिरलं असतं, किंवा निघालं असतं.

हे बघायला काहीच उघडावं लागत नाही. गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक हवेत. टायर वर आणि खाली धरून हलवा. हब इंजिनाच्या तुलनेत हलत असेल तर दोष हबचा किंवा बेअरिंगचा. चाकासकट अख्खं इंजिन डुलत असेल तर दोष सायलेंट ब्लॉकचा, म्हणजे इंजिन फ्रेमला धरणाऱ्या रबरी बुशचा. (इथे सायलेंट ब्लॉकच्या जागी सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठासलेले होते, तेही सांगून टाकतो.) मग इंजिन बंद ठेवून पहिल्या गिअरमध्ये टाका आणि चाक हाताने पुढे-मागे झटका. थोडी मोकळीक चेन आणि गिअरची असतेच. पण झटक्याला हबमधूनच 'टिक' असा कोरडा आवाज आला तर दात गेले.

कागदांचं थोडक्यात. आरसीवरचे मालक दोन वर्षांपूर्वी वारलेले, आणि ट्रान्सफरच्या फॉर्म २९, ३० वर त्यांची सही, तारीख मोकळी. मालक हयात नसेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर होते, त्याला फॉर्म ३१ लागतो, मग पुढे विक्री. सही केलेले कोरे फॉर्म दाखवून 'पेपर क्लिअर' म्हणणारा आपल्या गळ्यात घोंगडं घालतोय. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून वैधता बघा. जुन्या तीन अक्षरी नंबरांची नोंद तिथे चढलेली नसेल तर मूळ आरटीओत स्वतः जाऊन या. 'व्हिंटेजमध्ये करून घ्या' हा सल्लाही देतात. पन्नास वर्षांपुढच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ती नोंदणी मिळते, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए'. पण ती गाडी रोज चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. आणि तिथेही फ्रेमच्या नंबराचीच तपासणी आधी.

तक्रार देताना जाहिरातीचे स्क्रीनशॉट, संपूर्ण चॅट, पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि दोन्ही पेन्सिल प्रिंट एकत्र जोडल्या. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि माणूस गायब असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, तासांचा हिशेब असतो तिथे. गॅरेजने रिस्टोरेशनचं बिल दिलेलं असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, मुदत दोन वर्षं, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

गाडीतून वाचलं ते असं: इंजिन केस, क्रँक, पुढचा फोर्क, हँडल, दोन्ही पॅनल. हब, लेशाफ्ट, डॉग, सिलिंडर भंगारात. फ्रेम मात्र तशीच भिंतीला टेकवून ठेवली आहे, नंबराभोवतीच्या उघड्या पत्र्यावर गंज चढू नये म्हणून नुसता ऑइलचा हात फिरवलेला. पंचनामा होईपर्यंत तिला ना रंग, ना वेल्डिंग.