फोर व्हीलचा दिवा लागला, पुढची चाकं जागची हलली नाहीत

सेकंड-हँड छोटी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी) घ्यायचा विचार असेल तर विसार देण्याआधी गाडीखाली आडवे होऊन बघा. मला विकलेल्या गाडीला पुढचा प्रोपेलर शाफ्टच, म्हणजे पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडाच, नव्हता.

माझं काम जमीन मोजणीचं. यंत्र, तिपाई, खुंट्या आणि एखादा मदतनीस, एवढंच ओझं. पण जायचं तिथे रस्ता असेलच असं नाही. मोठी एसयूव्ही इंधन पिते, अरुंद वाटेवर वळत नाही आणि चिखलात स्वतःच्याच वजनाने रुतते. छोट्या गाड्यांत पर्याय मुळातच थोडे. सुझुकी जिम्नी 1970 पासूनची, लाडा निवा 1977 ची, फियाट पांडाची फोर बाय फोर 1983 ची. निवाची चारही चाकं कायम जोडलेली असतात, तर जिम्नीत हवं तेव्हाच पुढची चाकं जोडायची सोय. ज्याला बरंचसं अंतर चांगल्या रस्त्याने जायचंय आणि शेवटचा तुकडाच चिखलाचा आहे, त्याला ही दुसरी पद्धत अ‍ॅव्हरेजच्या हिशेबाने बरी. मी घेतली ती याच पद्धतीची. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खोट गाडीत नव्हती, विकणाऱ्यात होती.

ट्रायलला त्याने लिव्हर ओढला, डॅशबोर्डवर फोर व्हीलचा दिवा लागला. मग लो, म्हणजे जास्त ताकदीचा संथ गिअर, टाकून दाखवलं. इंजिन गुरगुरलं आणि गाडी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. मी म्हटलं, स्टिअरिंग पूर्ण वळवून एक चक्कर मारू या. तर म्हणाला, "साहेब, पक्क्या रस्त्यावर फोर व्हील लावून वळवायची नसते, ट्रान्सफर केसची वाट लागते." हे शंभर टक्के खरं आहे. ट्रान्सफर केस म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी गिअरची पेटी. अशा गाडीत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नसतं. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, आणि कोरड्या रस्त्यावर चाकांना घसरायला वाव नसल्याने सगळा ताण गिअरांवर येतो. शेजारीच भुसभुशीत मातीची जागा होती, तिथे चक्कर मारायला काहीच हरकत नव्हती. पण तेवढ्यात "आत्ताच धुतलीय हो गाडी" सुरू झालं. खऱ्या गोष्टीच्या आडोशाने खोटं विकायचं, हे त्याला छान जमतं.

पुढे एका चढावर ओल्या मातीत गाडी अडकली. फोर व्हील लावलं, लो टाकलं, दिवा लागला. मदतनीस बाहेर उभा राहून बघत होता. तो ओरडला, "मागचीच फिरतायत!" पुढच्या चाकांच्या खाचांत सुकलेला चिखल तसाच्या तसा होता.

मेकॅनिकने गाडी रॅम्पवर घेतली. मागचा शाफ्ट जागेवर. पुढे ट्रान्सफर केसमधून बाहेर आलेला फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती) आणि तिकडे डिफरन्शियलचा फ्लँज, मध्ये हवा. दोन्ही फ्लँजवर ताजा काळा रंग मारलेला, बोल्टच्या भोकांतसुद्धा रंग. त्याने कुठूनसा जुना शाफ्ट आणून बसवला तेव्हा कारण कळलं: फोर व्हील लावताच ट्रान्सफर केसमधून खडखड सुरू. आतलं बेअरिंग गेलं होतं. दुरुस्तीचा खर्च टाळायला आवाज करणारी बाजूच काढून टाकली होती.

दिवा आणि लोचं कोडंही मेकॅनिकनेच सोडवलं. दिव्याचा स्विच बऱ्याच गाड्यांत ट्रान्सफर केसवर असतो; लिव्हर जागेवर गेला की दिवा लागतो, पुढे ताकद पोचते की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. लोचे गिअर तर मागच्या चाकांसाठीही तेच. तेव्हा या दोन गोष्टी दाखवल्या म्हणजे फोर व्हील दाखवलं, असं होत नाही.

टॉर्च घेऊन खाली बघितलं तर अशा गाडीत ट्रान्सफर केसमधून दोन शाफ्ट निघालेले दिसले पाहिजेत, एक पुढे, एक मागे. ज्या गाड्या मुळात पुढच्या चाकांवर चालतात, त्यांत मागच्या अ‍ॅक्सलला डिफरन्शियल आणि तिथवर गेलेला शाफ्ट हवा. असली काही मॉडेलं टू व्हील ड्राइव्हमध्येही येतात आणि फोर बाय फोरचा बिल्ला कुणीही चिकटवू शकतो, म्हणून चासी नंबरवरून कंपनीकडे खात्री करून घ्या. मग गाडी मोकळ्या मातीवर न्या, फोर व्हील लावा, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. गाडी अडखळत, ओढल्यासारखी वळली तर पुढची चाकं जोडलेली आहेत. लोण्यासारखी वळली तर शंका घ्या. टायरही बघा. माझ्या गाडीला पुढे एका मापाचे, मागे दुसऱ्या मापाचे होते. चारही चाकं खरोखर जोडली जात असती, तर असे टायर घालून गाडी सरळसुद्धा नीट चालली नसती.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, "ट्रायल तुम्हीच घेतली होती, कागदावर 'आहे तशी' लिहिलंय." लिहिलंय खरं. पण त्याच्या जाहिरातीत "फोर बाय फोर, चालू स्थितीत" असंही लिहिलं होतं. त्याचा स्क्रीनशॉट, रंगवलेल्या फ्लँजचे फोटो आणि मेकॅनिकचं लेखी म्हणणं जोडून मी वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे. तेव्हापासून तो फोन उचलत नाही. जाहिरात मात्र दुसऱ्या दिवशीच काढून टाकली.