लेझर-ईपीआर मापनसेवा : मापन उत्तम, अहवाल अपुरा

गोव्यातील ताळगाव पठारावरील आमच्या प्रयोगशाळेत लेझर जोडलेले ईपीआर यंत्र नाही. ईपीआर म्हणजे इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स: चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या नमुन्यातील अयुग्मित इलेक्ट्रॉनांचा सूक्ष्मतरंगांना मिळणारा प्रतिसाद मोजण्याचे तंत्र. त्यामुळे सिस्टीन या अमिनो आम्लाला इओसिन हा रंगरेणू जोडलेल्या प्रथिनाचे मापन आम्ही राज्याबाहेरील एका सामायिक उपकरण केंद्राकडून करून घेतले. तेथे मापन उत्तम होते, पण मिळणारा अहवाल त्या मापनाला न्याय देत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. या तंत्राकडे नव्याने वळणाऱ्यांनी शुल्क भरण्यापूर्वी हा फरक समजून घ्यावा.

मुळात मोजायचे काय, हे आधी सांगितले पाहिजे. हिरव्या प्रकाशाचा स्पंद (पल्स) पडला की इओसिनचा रेणू उत्तेजित होतो आणि त्यातील ब्रोमीनच्या जड अणूंमुळे त्याची ट्रिप्लेट अवस्था, म्हणजे दोन अयुग्मित इलेक्ट्रॉनांचे स्पिन (अंगभूत चुंबकीय गुण) समांतर असलेली अवस्था, सहज तयार होते. या अवस्थेचे तीन उपस्तर स्पिन-कक्षा युग्मनामुळे (इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची कक्षीय गती यांच्यातील जोडामुळे) सारखे भरत नाहीत. कोणता किती भरेल, हे रेणूच्या रचनेवर आणि सममितीवर ठरते. यालाच स्पिन ध्रुवीकरण म्हणतात, आणि त्यामुळे वर्णपटाच्या काही भागांत सूक्ष्मतरंगांचे शोषण, तर काही भागांत उत्सर्जन दिसते. सुमारे ९.५ गिगाहर्ट्झला, ८० केल्विन तापमानातही, औष्णिक समतोलात असलेल्या साध्या इलेक्ट्रॉन स्पिनचे ध्रुवीकरण जेमतेम ०.३ टक्के असते. प्रकाशाने घडवलेले ध्रुवीकरण त्याच्या कितीतरी पट मोठे असू शकते. प्रथिन मोठ्या कष्टाने शुद्ध करून थोडेसेच हाती येत असेल, तर या वाढीव संकेताचे मोल फार आहे.

केंद्रातील तंत्रज्ञांचे काम मनापासून आवडले. ग्लिसरॉल मिसळलेला नमुना क्वार्ट्झ नळीत भरून त्यांनी आर्गॉनने त्यातील ऑक्सिजन काढला, तो काचेसारखा पारदर्शक गोठला आहे याची खात्री केली आणि मगच लेझर सुरू केला. ऑक्सिजन ट्रिप्लेट अवस्था शमवतो, आणि गोठण दुधाळ झाले तर प्रकाश विखुरतो. या दोन्ही गोष्टी न सांगता सांभाळल्या गेल्या. रंग नसलेले प्रथिन आणि प्रथिनाविना मुक्त इओसिन ही तुलनेची मापनेही त्यांनी स्वतःहून सुचवली. वाहतुकीबद्दल एवढेच की, पावसाळ्यातल्या दमट हवेत ड्राय आइसची पेटी जितकी भरावीशी वाटते, त्याहून अधिक भरावी आणि नळ्या फॉइलमध्ये गुंडाळाव्यात, कारण इओसिन उजेडात विरंजित होते.

अडचण अहवालाची. आम्हाला मिळाला तो एकच आलेख, कमाल उंची एकवर आणून गुळगुळीत केलेला. कालविभेदित ईपीआरमध्ये लेझर स्पंदानंतरचा प्रत्येक क्षण नोंदला जातो. ध्रुवीकरण सुरुवातीला ठळक असते आणि पुढे स्पिन-जालक शिथिलनाने, म्हणजे स्पिन भोवतालाशी ऊर्जेची देवाणघेवाण करून समतोलाकडे परतल्याने, ओसरत जाते. हा आलेख एका मायक्रोसेकंदाचा की दहा मायक्रोसेकंदांचा, हेच लिहिलेले नसेल तर उपस्तरांच्या भरणाचे गुणोत्तर काढणे हा निव्वळ अंदाज ठरतो. शोषण वर की उत्सर्जन वर, ही चिन्हांची पद्धतही नमूद नव्हती.

त्याहून गंभीर उणीव लेझरच्या प्रकाशीय ध्रुवणाची (प्रकाशलहरींच्या कंपनाच्या दिशेची); तेही अहवालात नव्हते. प्रकाश रेषीय ध्रुवित असेल तर गोठलेल्या नमुन्यातील विशिष्ट दिशेने असलेले रेणूच अधिक उत्तेजित होतात आणि वर्णपटाचा आकार बदलतो. प्रथिनाला जोडलेले इओसिन आणि मुक्त इओसिन यांच्या वर्णपटांत आम्हाला दिसलेला फरक प्रथिनाच्या परिसरामुळे आहे की दोन मापनांत लेझरची मांडणी बदलल्यामुळे, हे त्या अहवालावरून सांगता येईना. मूळ नोंदींची फाइल मागितल्यावर ती मिळाली, पण बऱ्याच पाठपुराव्यानंतर. फाइल उघडल्यावर मात्र समाधान वाटले: काळ आणि चुंबकीय क्षेत्र असे दोन्ही अक्ष पूर्ण होते आणि लेझरमुळे उमटणारी पार्श्वभूमी वेगळी नोंदलेली होती. म्हणजे यंत्रावर बसलेल्या माणसाने सर्व काही नीट जपले होते. ते ग्राहकापर्यंत पोहोचवायची पद्धतच केंद्राने घातलेली नाही.

केंद्राच्या माहितीपत्रकात अंतरमापनाचाही, म्हणजे रेणूतील दोन स्पिनमधील अंतर मोजण्याचाही, उल्लेख आहे. इटलीतील पादुआ येथील संशोधकांनी २०१४ मध्ये पोर्फिरिन या रंगरेणूची ट्रिप्लेट अवस्था स्पिन लेबल (मोजता येणारी स्पिनची खूण) म्हणून वापरून नॅनोमीटर पातळीवरील अंतर मोजता येते हे दाखवले, तेव्हापासून या वाटेचे आकर्षण वाढले आहे आणि ते रास्तच आहे. परंतु दोन स्पिनमधील द्विध्रुवी (चुंबकासारखी) आंतरक्रिया अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते: १ नॅनोमीटरला सुमारे ५२ मेगाहर्ट्झ, तर ४ नॅनोमीटरला जेमतेम ०.८. एवढी मंद आंदोलने टिपण्यासाठी लेझर आणि सूक्ष्मतरंग स्पंदमालिका यांचा काटेकोर मेळ लागतो. आमच्या मापनाच्या वेळी तेथील स्पंद-यंत्रणा लेझरशी जोडलेली नव्हती. त्यामुळे अंतरमापनासाठी या सेवेची शिफारस आज तरी मी करणार नाही.

ट्रिप्लेट वर्णपटासाठी मात्र निःसंकोच करीन. मागणीपत्र भरतानाच मूळ नोंदी, स्पंदानंतरची निवडलेली वेळ, लेझरची तरंगलांबी आणि ध्रुवण, नमुन्याचे तापमान व चिन्हांची पद्धत या बाबी लेखी मागाव्यात. तंत्रज्ञ त्या आनंदाने देतात.