दिवाडीची फेरीबोट : परदेशातून परतलेल्या प्रवाशाचा अभिप्राय

गोव्यात जुने गोवे ते मांडवी नदीतले दिवाडी बेट आणि पुढे दिवाडी ते पलीकडच्या काठावरचे नार्वे या फेरीसेवेची गणना मी जलवाहतुकीच्या उत्तम नमुन्यांत करतो, आणि हे मत केवळ गावच्या ओढीने बनलेले नाही. प्रवासाचे वेड मला लहानपणापासून आहे. उमेदीची वर्षे नोकरीनिमित्त दुबईत गेली आणि रजा मिळाली की गोव्याला येण्याआधी एखादे नवे शहर पाहण्याचा नेम मी शक्यतो मोडला नाही. शहर पाण्याकाठी असेल, तर तिथला फेरीचा धक्का मी सर्वांत आधी गाठत असे, कारण गावातली माणसे खऱ्या अर्थाने एकत्र दिसतात ती तिथेच.

दुबईच्या खाडीवर बर दुबई आणि देरा यांच्यामध्ये ‘अब्रा’ नावाच्या लाकडी होड्या चालतात. एका दिऱ्हमात पैलतीर गाठता येतो आणि मजूर, दुकानदार, पर्यटक एकाच बाकावर बसतात. इस्तंबूलमध्ये एमिनोनूहून कादिकॉयला जाताना युरोप मागे पडून आशिया येईपर्यंत काचेच्या छोट्या पेल्यातला चहा पिऊन होतो. हाँगकाँगची स्टार फेरी १८८८ पासून धावते आहे. न्यूयॉर्कची स्टेटन आयलंड फेरी १९९७ पासून विनामूल्य आहे आणि पर्यटक तिच्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करतात. आपल्या दिवाडीच्या बोटीतही पायी प्रवाशाला तिकीट काढावे लागत नाही, याची मात्र आपण फारशी दखल घेत नाही.

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून जाणारा रस्ता थेट धक्क्यावर उतरतो. बोट टेकली की लोखंडी रॅम्प करकरत खाली येतो, आधी माणसे उतरतात, मग दुचाक्या आणि शेवटी मोटारी. चढताना खलाशी केवळ हाताच्या इशाऱ्याने स्कूटर अशा लावून घेतो की दोघींच्या आरशांत जेमतेम बोटभर अंतर उरते, आणि तरीही मासळीची पाटी घेतलेल्या बाईला कडेच्या बाकापर्यंत जायला वाट राहते. हे कसब मला कोणत्याही परदेशी बंदरात इतक्या शांतपणे चाललेले दिसले नाही. काही मिनिटांत खारफुटी जवळ येते आणि पलीकडे खाऱ्या पाण्यापासून बांधांनी राखलेली खाजन शेते दिसू लागतात.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. काही धक्क्यांवर फेऱ्यांचे वेळापत्रक ठळक अक्षरांत लावलेले नसते, पावसाळ्यात उतार शेवाळाने निसरडा होतो आणि उन्हात थांबणाऱ्यांसाठी पुरेसे छप्पर नसते. या गोष्टींना मोठा खर्च नाही. त्या झाल्याच पाहिजेत, कारण बेटावरच्या वृद्धांना आणि शाळकरी मुलांना दुसरा सोयीचा मार्ग नाही. पूल झाला की बोटी हव्यात कशाला, असे म्हणणाऱ्यांनी जुलै १९८६ आठवावा. मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि पणजी-बेती वाहतूक पुन्हा फेरीबोटींवरच आली.

माझ्या दृष्टीने या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग मात्र दिवाडीच्या उत्तरेकडील दुसरी फेरी हा आहे, जिच्याकडे पर्यटक सहसा फिरकत नाहीत. कदंब राजांचे कुलदैवत असलेल्या श्रीसप्तकोटेश्वराचे मूळ मंदिर दिवाडीवर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले आणि भाविकांनी देव पाण्यापलीकडे नार्वेला नेला. तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. तेच पाणी आज आपण बोटीने ओलांडतो. शाळेत असताना हा इतिहास मी पाठ केला होता, पण देवाने किती थोडे अंतर कापले आणि तेवढ्याने त्याचे राज्य कसे बदलले, हे त्या बोटीच्या कठड्याला टेकून उभे राहिल्यावरच मला उमगले.

जाणार असाल तर सकाळी लवकर निघावे, म्हणजे बेट पायी किंवा दुचाकीने निवांत पाहून दुपारपूर्वी नार्वेला दर्शन घडते. दिवाडीच्या बोंदेरा या झेंड्यांच्या उत्सवाच्या दिवशी, ऑगस्टमध्ये, मोटार घेऊन जाऊ नये, कारण धक्क्यावर लांबच लांब रांगा लागतात. शेवटची बोट किती वाजता सुटते हे जातानाच खलाशाला विचारून ठेवावे. चुकलीच, तर नार्वेहून डिचोलीमार्गे रस्त्याने परतता येते.