ड्रायव्हर न मागणारा मोडेम: लिनक्स मिंटवर हुवावे ई३३७२

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील दहा-बारा लहान कारखानदारांची जीएसटी विवरणपत्रे मी घरी बसून भरते, त्यामुळे महिन्याच्या २० तारखेला इंटरनेट बंद असणे मला परवडत नाही. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की आमच्या भागातील वीज आणि फायबर या दोहोंचाही भरवसा राहत नाही, हे २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत पाहून झाले आहे. खरे सांगायचे तर पुरापेक्षा रस्ता खोदणाऱ्या जेसीबीनेच ती तार अधिक वेळा तोडली आहे. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून काम भागते, पण कारखानदारांचे फोन सतत त्याच मोबाइलवर येत असल्याने तो टेबलावर एका जागी राहत नाही. म्हणून संगणकालाच कायमचा जोडून ठेवता येईल असा सिमकार्डचा यूएसबी मोडेम, म्हणजे बाजारभाषेतील डोंगल, घ्यायचे ठरवले.

संगणक जुना आहे: ४ जीबी रॅम, आय३ प्रोसेसर. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ची (सुरक्षेच्या चिपची) सोय या यंत्रात नाही, म्हणून त्यावर लिनक्स मिंट २२ ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली बसवली आहे. राजारामपुरीतील ज्या दुकानात डोंगल मागितला, तेथे लिनक्सचे नाव काढताच समोरून उत्तर आले, "लिनक्स-बिनक्स कशाला ताई, सीपीयू घेऊन या, विंडोज मारून देतो की." मी नको म्हटल्यावर त्याने एक नवा डोंगल पुढे केला आणि "ड्रायव्हर आतच असतोय" असे सांगितले. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ड्रायव्हर, म्हणजे डोंगल चालवणारा प्रोग्राम, आतच होता, आणि नेमका तोच माझ्या वाटेत आडवा आला.

पहिल्या डोंगलच्या कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण हे परीक्षण त्याचे नाही. पण त्याच्यावर घालवलेल्या दोन संध्याकाळी सांगितल्याशिवाय दुसऱ्याचे मोल कळणार नाही. तो जोडला की पडद्यावर मोडेम उगवत नसे, एक सीडी उगवत असे. हे बिघाडाचे लक्षण नाही. असे बरेच डोंगल आधी सीडी ड्राइव्हचे सोंग घेऊन येतात, विंडोज त्या सीडीतून ड्रायव्हर उतरवून घेते, आणि मग तो ड्रायव्हर डोंगलला सोंग टाकून मोडेम होण्याचा हुकूम देतो. लिनक्सवर हा हुकूम देण्याचे काम यूएसबी मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्राम करतो. जोश डीत्सं या जर्मन प्रोग्रामरच्या नावाने तो ओळखला जातो, आणि मिंटमध्ये तो मुळातच बसवलेला असतो. मात्र कोणत्या डोंगलला कोणता हुकूम द्यायचा याची यादी त्याच्याजवळ असावी लागते, आणि माझा डोंगल त्या यादीत नव्हता.

सीडीमध्ये लिनक्स नावाचा एक फोल्डर दिसला, तेव्हा मला क्षणभर बरे वाटले. त्यातील इन्स्टॉलची फाइल टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, चालवली, तर उत्तर आले की अशी फाइलच अस्तित्वात नाही. फाइल डोळ्यांसमोर, नाव बिनचूक, परवानगी दिलेली, आणि संगणक म्हणतो फाइल नाही! याचा अर्थ लागायला मला तासभर लागला. ती फाइल ३२ बिटांच्या लिनक्ससाठी बनवलेली होती. तिला चालवणारा ३२ बिटांचा लोडर ६४ बिटांच्या मिंटमध्ये नव्हता, आणि संगणक न सापडणाऱ्या त्या लोडरबद्दल बोलत होता. संदेश मात्र मूळ फाइलचे नाव घेऊन येतो. डोंगलच्या पोटातील 'लिनक्स ड्रायव्हर' म्हणजे बहुधा अशीच एक कालबाह्य पुरचुंडी असते, आणि माझा सल्ला असा की तिला हातच लावू नये. यूएसबी मोडेमसाठी लागणारे खरे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, असतात: सीरियल पद्धतीच्या मोडेमसाठी ऑप्शन नावाचा, क्वालकॉमच्या पद्धतीसाठी २०१२ च्या ३.४ कर्नलपासून क्यूएमआय डब्ल्यूवॅन, एमबीआयएम पद्धतीसाठी २०१३ च्या ३.८ पासून सीडीसी एमबीआयएम. उतरवून घ्यायचे असे फारसे काही उरत नाही. उरते ते एवढेच, की डोंगलने आपले खरे रूप दाखवावे आणि कर्नलने त्याला ओळखावे.

शेवटी सीडी बाहेर काढण्याचा साधा इजेक्ट हुकूम दिला आणि डोंगलने सोंग टाकले. पण ऑप्शन ड्रायव्हरच्या यादीतही त्याचा यूएसबी ओळख-क्रमांक नसल्याने पोर्ट तयार होईना. तो क्रमांक ड्रायव्हरच्या न्यू आयडी फाइलमध्ये हाताने लिहिल्यावर कर्नलच्या नोंदींत जीएसएम मोडेम टीटीवाययूएसबी० या पोर्टला जोडला गेल्याची ओळ उमटली. मोडेमशी बोलणारा मिनीकॉम प्रोग्राम उघडून एटी टाइप केले, खाली ओके आले, आणि नव्वदच्या दशकातील फोन मोडेमला दिली जाणारी तीच दोन अक्षरे अजून चालतात याची गंमत वाटली. सिग्नल विचारणाऱ्या सीएसक्यू आज्ञेला उत्तर आले ९. हे माप शून्यापासून ३१ पर्यंत असते, तेव्हा ९ म्हणजे जेमतेम. इंटरनेट सुरू झाले. मात्र संगणक बंद करून पुन्हा चालू केला की सगळी पूजा पहिल्यापासून. यंत्र जोडताच आपोआप चालणारा यूडेव्हचा नियम लिहून ती टाळता आली असती, पण विवरणपत्राच्या दिवशी ज्याच्यावर विसंबायचे ते यंत्र इतके नाजूक असू नये असे वाटले, आणि डोंगल परत केला. दुकानदाराने कुरकुर न करता पैसे दिले, हेही नोंदवायला हवे.

हुवावेचा ई३३७२एच मला ओळखीतून मिळाला, वापरलेला, १,४०० रुपयांना. तो ४जी श्रेणी ४ चा डोंगल आहे, म्हणजे कागदावर उतरण्याचा वेग सेकंदाला १५० मेगाबिट आणि चढण्याचा ५० मेगाबिट. या नावात दोन जाती आहेत आणि विकत घेताना त्यांचीच गफलत होते: शेवटी 'एस' अक्षर असलेला जुन्या वळणाचा मोडेम असतो, तर 'एच' असलेला हायलिंक पद्धतीचा. हायलिंक डोंगल संगणकाला आपण मोडेम आहोत असे सांगतच नाही. तो स्वतःच एक छोटा राउटर असतो, सिमकार्डाशी आणि टॉवरशी होणारी सारी बोलणी आतल्या आत उरकतो, आणि संगणकाला फक्त एक नेटवर्क कार्ड म्हणून सामोरा जातो. त्याच्या आत चालते तेही लिनक्सच. "लिनक्सवर चालत नाही" असे ज्या जातीबद्दल दुकानांत सर्रास ऐकवले जाते, तिच्या पोटात हे निघावे, यावर अधिक काय बोलावे!

तो जोडला तेव्हा मी जोडलेली यूएसबी यंत्रे दाखवणारी एलएसयूएसबी ही आज्ञा एकामागून एक देत बसले होते. पहिल्या वेळी क्रमांक दिसला १२डी१:१एफ०१, म्हणजे सीडीचे सोंग. चहाचा कप खाली ठेवून पुन्हा आज्ञा दिली, तर क्रमांक बदलून १२डी१:१४डीसी झालेला. यूएसबी मोडस्विचने आपले काम न सांगता केले होते, कर्नलच्या सीडीसी ईथर ड्रायव्हरने त्याला उचलले होते, आणि कोपऱ्यात तारेच्या जोडणीचे चिन्ह आले होते. ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ हा पत्ता टाकला की डोंगलचे स्वतःचे पान उघडते. तेथे एपीएन, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटच्या प्रवेशद्वाराचे नाव, तपासायचा (जिओचा जिओनेट, बीएसएनएलचा बीएसएनएलनेट) आणि सिमला पिन असेल तर ती द्यायची. ड्रायव्हरच्या नावाने मी काहीही उतरवले नाही.

आता ज्या गोष्टी जोडल्यावर लगेच दिसत नाहीत त्यांविषयी. मिंटला हा डोंगल तारेचे नेटवर्क वाटतो, त्यामुळे मोबाइल डेटा मोजून वापरायचा असतो हे त्याला कळत नाही. पहिल्याच दिवशी दीड जीबीच्या रोजच्या कोट्यातील निम्म्याहून अधिक डेटा स्वयंचलित अपडेटने खाऊन टाकला. जोडणीला एनएमसीएलआय या आज्ञेने मीटर्ड, म्हणजे मोजून वापरायची, अशी खूण करावी आणि अपडेट आपोआप उतरण्याची सोय सरळ बंद करावी. फायबर आणि डोंगल एकाच वेळी जोडलेले असतील, तर कोणत्या वाटेने जायचे हे संगणक रूट मेट्रिक नावाच्या आकड्यावरून ठरवतो, आणि लहान आकड्याची वाट आधी धरतो. मी डोंगलचा आकडा ७०० केला आहे, म्हणजे फायबर चालू असेपर्यंत तो गप्प राहतो. सिमवर आलेले संदेश मिंटच्या कोणत्याही खिडकीत दिसत नाहीत. रिचार्जचा ओटीपी वाचायला त्याच १९२.१६८.८.१ च्या पानावर जावे लागते, आणि घाईत हे आठवत नाही. शिवाय संगणकाला मिळणारा पत्ता डोंगलच्या आतला असतो, त्यामुळे बाहेरून घरच्या संगणकात शिरण्याची ज्यांना गरज आहे, त्यांनी 'एस' जातीचा डोंगल घेऊन मोडेम मॅनेजर या मोडेम सांभाळणाऱ्या प्रोग्रामशी दोन हात करावेत. माझ्या कामात ही गरज पडत नाही.

वेगाचे म्हणाल तर कागदावरचे १५० मेगाबिट विसरावेत. माझ्या खोलीत टेबलामागे तो ५ ते ६ देत होता. डोंगल कॅबिनेटच्या पुढच्या भोकात न लावता मागे, थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावावा, कारण सिग्नल कमी असला की तो वीज जास्त ओढतो आणि पुढच्या बारीक तारांवर अधूनमधून सुटतो. मी तीन मीटरची यूएसबी तार लावून तो खिडकीच्या गजाला बांधला. यूएसबी २.० च्या साध्या तारेला पाच मीटरची मर्यादा आहे, तेव्हा गच्चीपर्यंत नेण्याचा मोह आवरावा लागतो. खिडकीत सकाळी २० च्या आसपास आणि रात्री नऊनंतर, गल्लीतले सगळे मोबाइल जागे झाल्यावर, ८ ते १० मेगाबिट मिळतात. विवरणपत्रासाठी ते पुरेसे आहे. चार जणांच्या घरात चित्रपट पाहण्यासाठी नाही.

घेण्याआधी पाठीवरचा पूर्ण क्रमांक वाचावा. ई३३७२एच च्या पुढे येणाऱ्या तीन आकड्यांनुसार त्यातील लहरींचे पट्टे बदलतात. जिओचे ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांवर चालते आणि त्याला ३जीचा आधार मुळीच नाही, त्यामुळे यांतील एकही पट्टा डोंगलमध्ये नसेल तर ड्रायव्हर कितीही नीट बसला तरी जिओचे सिम त्यात मुके राहील. एखाद्या दूरसंचार कंपनीच्या नावाचा वापरलेला डोंगल मिळत असेल, तर तो दुसऱ्या कंपनीचे सिम घेतो का, हे आपलेच सिम दुकानात घालून पाहिल्याखेरीज पैसे काढू नयेत.